चौथा ठोका

गोंदिया, १६ फेब्रुवारी

प्रिय खुशबू,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, सोनूचाही केलास, होस्टेलची खोली रिकामी केलीस आणि चिचगडच्या बसमध्ये जाऊन बसलीस. मग राहिला पोस्टमन. शाळेत 'मैत्रिणीस पत्र' लिहिलं होतं, त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. तेव्हा दहापैकी सात मिळाले होते आणि बाईंनी खाली शेरा दिला होता, 'मजकूर कमी, बडबड जास्त.' तेव्हा सांभाळून घे.

चमेली कशी आहे? सुटी झाल्याचं सोनूकडून कळलं. अकरा वर्षांच्या पोरीनं एकोणीस दिवस दवाखान्यात काढणं म्हणजे चेष्टा नाही. मी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा तू बाकावर झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. दुसऱ्यांदा चमेलीचे बाबा, तुझे उदाराम काका, व्हरांड्यात डॉक्टरांशी बोलत होते, त्यांना बघून मी जिन्यावरूनच वळले. जरा काम होतं.

मीटिंगचं फार मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या नर्सिंगच्या शाळेनं तुला वॉर्डावरून काढलं आणि परीक्षेचा फॉर्म अडवला, हे वाईटच झालं. पण ते तात्पुरतं आहे. सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी नावं गळतात, तारखांचा घोळ होतो. जगात सगळीकडे होतं. आपलं तर विद्यार्थ्यांचं प्रोजेक्ट! तुझी शाळा आणि आमचं इंजिनिअरिंग कॉलेज यांनी मिळून ठरवलं की आजारपण तुम्हाला कळतं आणि कॉम्प्युटर आम्हाला, तर एकत्र काहीतरी करा. आपण तिघांनी, तू, मी आणि माझ्या वर्गातल्या सोनूनं, केलं. 'सोबत' हे नावही तूच सुचवलं होतंस. सिकलसेलच्या कोणत्या पेशंटच्या गोळ्या संपत आल्या, हे त्या त्या गावच्या आशाताईंना मोबाईलवर दिसावं, एवढी साधी गोष्ट. हेतू तर चांगला होता ना?

मला सारखा जुलै आठवतो. आपण पहिल्यांदा तुमच्या टोल्यावर, जंगलातल्या त्या वस्तीवर, आलो तो दिवस. सात घरं, आणि रेंज फक्त यादोरावच्या किराणा दुकानाच्या टेकाडावर. सगळ्या टोल्याला मिळून त्याचाच एक फोन. फोन आला की तो दाराशी टांगलेला रुळाचा तुकडा वाजवायचा. एक ठोका इतवारी बाबांच्या घराला, दोन शामकलाबाईला, चार तुझ्या काकांना. बाकी घरांसाठी फोन करणाऱ्याला तो सांगायचा, "दहा मिन्टानं लाव, बलावतो." चमेलीच्या घरचा फोन मात्र ठेवावा लागायचा नाही. चौथा ठोका पडायच्या आत पोरगी टेकाडावर हजर! गोळ्या वेळेवर चालू होत्या तेव्हा ती आजारी आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. घरं दाखवायला आपल्या पुढे पुढे पळत होती. मी तिचा व्हिडिओ काढला होता, तो अजून माझ्याकडे आहे.

एकदा फोन कर. दोन शिव्या दे हवं तर.

तुझीच,
प्रेरणा


गोंदिया, २ मार्च

खुशबू,

दोन आठवडे झाले. सोनू म्हणतो पत्र पोचलंच नसेल. पोचलं असणार. यादोरावच्या दुकानात आलेली वस्तू टोल्यात हरवत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गुळगुळीत करून लिहिली. मीटिंगची. तू नव्हतीस असं समजून पुन्हा लिहिते, कारण मला स्वतःलाच ते एकदा नीट बघायचं आहे. टेबलाच्या पलीकडे तुझ्या प्रिन्सिपॉल मॅडम, आमचे खेमराज सर आणि आरोग्य विभागाचे दोघे जण. त्यांच्यापुढे यादीचा कागद. तुमच्या टोल्यातल्या सतरापैकी सोळा नावांपुढे तारीख होती २१ जानेवारी. म्हणजे चमेलीला ॲडमिट केलं तो दिवस. त्यांनी विचारलं, "फॉर्म जुलैत भरले म्हणता, मग नोंद जानेवारीत कशी?" तू म्हणालीस, "म्या जुलैतच देले सर, साऱ्यायचे." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "फील्डचं काम खुशबूकडे होतं."

शब्दाला शब्द खरं आहे. कोर्टातही टिकेल. तू माझ्याकडे वळून बघितलंस तेव्हा मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते. झाकण आधीच उघडलेलं होतं.

आणि नोव्हेंबरचंही लिहिते. काकांनी यादोरावच्या फोनवरून तुला विचारलं होतं, "लिस्टमंदी चमेलीचं नाव काऊन नाही?" तू ड्यूटीवरून थेट आमच्या लॅबमध्ये आलीस, पांढऱ्या ड्रेसवरच. मी नागपूरच्या स्पर्धेच्या स्लाइड करत होते. मान वर न करता म्हणाले, "अरे, ज्याला या महिन्यात गोळ्या लागतात त्याचंच नाव येतं. तिच्याकडे शिल्लक असतील. टेन्शन मत ले." तुला ते पटलं. मी कॉम्प्युटरवाली ना! तू काकांना फोनवर सांगितलंस, ज्याला लागते त्याचंच नाव येते. आता तू मनाशी म्हणत असशील की चमेलीच्या गोळ्या माझ्या शब्दानं बंद झाल्या. तसं म्हणू नकोस. तो शब्द माझा होता, तू फक्त पोचवलास.

नावं नेमकी का गेली, हे मला परवाच कळलं. माझ्या प्रोग्राममधली एक ओळ चुकली होती. आधी कळलं असतं तर मीटिंगमध्येच बोलले असते. मला माफ कर. मनापासून लिहिते आहे.

प्रेरणा


आमगाव, १४ मार्च

खुशबू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. होस्टेलवर आलं होतं, सोनूनं रेल्वेनं आमगावला आणून दिलं. बाहेर धुळवडीचा दंगा चाललाय, बाबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानासमोर पोरांनी ढोल लावलाय, आणि मी आतल्या खोलीत तुझ्या तीन ओळी घेऊन बसले आहे. "माफी नको. काय केलंस ते लिही. तुला कधी कळलं तेही लिही."

तुला माझं खोटं बरोबर वासावरून कळतं. होस्टेलमध्ये तुझं लोणचं मी खाल्लं होतं तेव्हाही कळलं होतं.

तर काय केलं ते असं. १२ नोव्हेंबर, दुपारची वेळ, लॅब. सर म्हणाले होते की स्पर्धेच्या आधी यादी साफ करा, डबल नोंदी काढा, परीक्षक तेच आधी बघतात. यादीत दोनशे बारा माणसं होती. मी एक नियम लिहिला. मोबाईल नंबर एकच असेल तर माणूस एकच, शेवटचा फॉर्म ठेवायचा, आधीचे काढून टाकायचे. आम्हा शहराच्या लोकांच्या डोक्यात माणूस म्हणजे त्याचा मोबाईल नंबर. माझ्याच घरात चार माणसांचे पाच नंबर आहेत. एका नंबरावर सात घरं राहतात, हे मी डोळ्यांनी बघून आले होते, त्या ठोक्यांचा व्हिडिओ काढून आले होते, आणि लॅबमध्ये बसल्यावर विसरले.

विसरले हेही पूर्ण खरं नाही. तुमच्या टोल्याच्या प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात तू लाल पेनानं लिहिलं होतंस, 'नंबर यादोरावचा, सगळ्यांचा एकच.' सतरा वेळा लिहिलं होतंस. जुलैच्या शेवटी फॉर्म टाईप करताना मी सतराही वेळा ते वाचलं. त्यासाठी माझ्या ॲपमध्ये रकाना नव्हता, म्हणून सोडून दिलं. रकाना करायला अर्धा तास लागला असता.

नियम चालवला. दोनशे बाराचे एकशे शहाण्णव झाले. सोळा माणसं गेली आणि मला बरं वाटलं, खुशबू. यादी स्वच्छ झाली असं वाटलं. कोणती सोळा, हे बघितलं नाही. तुमच्या टोल्यातला शेवटचा फॉर्म इतवारी बाबांचा होता, कारण ते त्या दिवशी उशिरा परतले होते. सत्तरीचा माणूस, रक्त एकदम ठणठणीत; फॉर्म तर आपण सगळ्यांचेच भरले होते. ॲपच्या लेखी टोल्यात तेवढे ते एकटेच उरले. म्हणून नकाशावर तुमच्या टोल्याचा ठिपका हिरवा झाला. चमेलीचं आजाराचं लाल कार्ड, शामकलाबाईचं लाल कार्ड, सगळं त्या हिरव्याखाली. नागपुरात मी तो नकाशा मोठ्या पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, "हा दुर्गम टोला बघा, पूर्ण हिरवा." टाळ्या पडल्या. तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि तूही वाजवल्यास, कारण तुला वाटलं हिरवा म्हणजे सगळ्यांच्या गोळ्या पोचल्या.

आता कधी कळलं ते. परवा कळलं असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं. २१ जानेवारीला तू दवाखान्यातून फोन केलास, रडत होतीस, थंडीनं चमेलीचे सांधे धरलेत, ताप उतरत नाही, गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत म्हणालीस. मी आले. वर यायच्या आधी खाली कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडला. चूक सापडायला दहा मिनिटं लागली. मग जुन्या कॉपीमधून सोळाही नावं परत घातली, गुपचूप, म्हणजे कुणी यादी उघडली तर सगळं जागच्या जागी दिसावं. पण परत घातलेल्या नोंदीवर तारीख त्या दिवसाची पडते. तेवढं माझ्या लक्षात आलं नाही. त्या तारखेवरून सगळ्यांनी ठरवलं की तू फॉर्म दडवून ठेवले होतेस आणि पोरगी आजारी पडल्यावर घाईनं दिलेस. मीटिंगमध्ये तो कागद पुढे आला तेव्हा मला लगेच समजलं की तुला कशानं बांधलंय. दोरी माझी होती. आणि मी म्हणाले, फील्डचं काम खुशबूकडे होतं.

जिन्यावरून वळले त्याचंही कारण काम नव्हतं. डॉक्टर काकांना विचारत होते, "गोळ्या काऊन बंद केल्या?" आणि काका म्हणाले, "मशीनीनं नाव काढलं ना साहेब. मले वाटलं बिमारी गेली." ते ऐकून मी वळले.

जुलैची जुनी कॉपी माझ्याकडे आहे. सतराही फॉर्म, तारखेसकट. पेनड्राइव्हवर. म्हणजे तुझी सुटका गेले दोन महिने माझ्या कंपास बॉक्समध्ये पडून आहे.

पुण्याच्या कंपनीनं मला याच प्रोजेक्टवर घेतलंय, हे तुला माहीत आहे. म्हणून पडून आहे. दुसरं कुठलंही कारण नाही.

प्रेरणा


गोंदिया, ३० मार्च

खुशबू,

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. मग तो सहा दिवस बॅगेत घेऊन फिरले. पहिल्या दिवशी खेमराज सरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. "देख बेटा," म्हणाले, "तू प्रामाणिक आहेस, अच्छी बात है. पण विचार कर. ती पुढच्या वर्षी परीक्षा देईल, एक वर्षाचा प्रश्न आहे. तुझी नोकरी एकदा गेली की गेली. कॉलेजचंही नाव आहे. थोडे दिन रुक." सर माझं भलं बघत होते. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची घाण वाटली. तरी थांबले. सहा दिवस.

सातव्या दिवशी घरी गेले. बाबांनी नागपूरच्या बक्षिसाचं पेपरातलं कात्रण दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलंय. गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की बाबा आधी ते वाचायला लावतात. त्या दिवशी कालीमाटीचा कुणीतरी शेतकरी आला होता. बाबा त्याला सांगत होते, "माह्या पोरीनं जंगलातल्या बिमार लेकरायसाठी मशीन बनवली." त्या माणसानं मला हात जोडले. माझ्या वयाच्या पोरीला, हात!

तो गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, तारखेसकट. बाबा उठले. पाण्यात फडकं भिजवलं, काचेवरून कात्रण ओलं करून हळूहळू खरवडून काढलं, आणि जळालेली मोटार उघडून बसले. तारा सोडवता सोडवता म्हणाले, "उद्याच्या पहिल्या गाडीनं जाय."

गेले. तुझ्या प्रिन्सिपॉल मॅडमच्या टेबलावर अर्ज आणि पेनड्राइव्ह ठेवला. मॅडमनी शेवटी एकच विचारलं, "दोन महिने का लागले?" मी म्हणाले, भीती वाटली. त्या म्हणाल्या, "तिलाही वाटली असेल. तिला तर कशाला भ्यायचं तेही माहीत नव्हतं."

निकाल तुला कागदानं कळेलच, तरी लिहिते. तुझा परीक्षेचा फॉर्म घेतला आहे. एक तारखेपासून वॉर्डावर रुजू व्हायचं आहे. तुझ्या फाइलमधला शेरा काढला, माझ्यासमोर काढला. स्पर्धेचं बक्षीस आम्ही परत पाठवलं. सोनू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मग नंबराचा तो नियम काढून टाकायला स्वतःच येऊन बसला. पुण्याला मीच ईमेल केला. अजून उत्तर नाही, आणि ते काय येईल हे मला कळतं.

हे सगळं वाचून असं वाटेल की प्रेरणानं हिशेब चुकता केला. तसं नाही. गोंदियात तुझं नाव धुतलं गेलं, पण टोल्यात? तिथे कुणी प्रिन्सिपॉलचं पत्र वाचणार नाही. तिथे अजून खुशबूनंच सांगितलं होतं, खुशबूनंच पोरीला अडकवलं, असंच चालू असणार. तू पोस्टकार्डात लिहिलं नाहीस, पण सोनूला कुणाकडून तरी कळलंय की काका तुझ्याशी बोलत नाहीत.

तू गोंदियाला आलीस की मी टोल्यावर जाईन. तू तिथे असताना नाही. तुझ्यासमोर मी रडले तर तुला मलाच पाणी आणून द्यावं लागेल, तुझा स्वभावच तसा आहे. ते मला नको.

प्रेरणा


चिचगड, ६ एप्रिल

खुशबू,

बस यायला अवकाश आहे. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. यावेळी पत्ता तुझ्या होस्टेलचा. पत्रांची दिशा बदलली.

सकाळी टोल्यावर पोचले तर सातही घरांना कड्या. मी वेडी, मोहाचे दिवस आहेत हे लक्षातच नाही. यादोराव दुकानातून ओरडला, "सारे मोहावर गेले वो बाई! तू कोनाची?" मग ओळखलं. बसायला सांगितलं नाही, पण पाणी दिलं.

मी जंगलाच्या वाटेनं गेले. सगळे झाडांखाली वाकून फुलं वेचत होते. चमेली एका चादरीवर बसून कचरा निवडत होती. मला बघून हसली, पण उठली नाही. पूर्वी ती बसलेली मी कधी बघितलीच नव्हती. पाय एकीकडे ठेवला होता. "खुब्याचं हाड खराब झालं म्हनते डॉक्टर," तिनंच सांगितलं, जणू मला माहीत नसेल. "दुखत नाही. चढाले मात्र टाइम लागते."

काका टोपली घेऊन आले. मी म्हणाले, "काका, मी प्रेरणा. खुशबूसोबत आले होते."

"माहीत हाय. फोटोवाली."

मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं. नंबर, नियम, सोळा नावं, नोव्हेंबरचा तो फोन, मीटिंग. काका टोपलीतली फुलं चादरीवर ओतत राहिले, पसरत राहिले. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग खुशबू खोटी नोती?"

"नाही काका. मी तिला जे सांगितलं तेच तिनं तुम्हाला सांगितलं. खोटी मी होते."

"दोन महिने झाले, म्या त्या पोरीसंगं बोललो नाही," काका म्हणाले. "येकाच आंगनात राहून." रिकामी टोपली उलटी करून झटकली. मग म्हणाले, "आन् थो कोंबडा?"

मला कळेना. त्यांनीच सांगितलं. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली त्या हप्त्यात त्यांनी देवाच्या ठाण्यावर कोंबडा दिला होता. मशीनीनं पोरीचं नाव काढलं, बिमारी गेली, म्हणून. सगळ्या टोल्याला जेवू घातलं होतं. तू तेव्हा वॉर्डावर होतीस, तुला कुणी सांगितलं नसेल. "देवाले म्या सांगून आलो का बा, पोरगी बरी झाली, तुहे उपकार," काका म्हणाले. "मंग देवाले खोटं सांगितलं झालं ना म्या?"

मी म्हणाले, "तुम्ही नाही काका."

"मंग तूच सांग त्याले. तुह्या तोंडानं. आन् साऱ्यायच्या समोर."

दहा-साडेदहाला सगळे परतले. शिवेवरच्या मोहाखाली ठाणं आहे, तू तर तिथेच वाढलीस. बायका ठाण्यापाशी जात नाहीत म्हणून मला अलीकडे उभं केलं. नागपुरात चारशे माणसांपुढे मी माइक घेऊन बोलले होते, एकदाही न अडखळता. इथे वीसेक माणसं होती आणि शेंदूर लावलेले काही दगड. पहिलं वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. मी म्हणाले, चमेलीची बिमारी गेलेली नाही, ती जात नसते, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. तिचं नाव मी काढलं होतं, बघितल्याशिवाय. उदाराम काकांनी देवाला जे सांगितलं ते माझ्यामुळे सांगितलं. खुशबूनं फॉर्म वेळेवर दिले होते. तिचा काही दोष नाही.

मग इतवारी बाबा काठीवर पुढे वाकले. "म्हंजे येवढे दिवस मशीनीच्या हिशोबानं टोल्यात मी येकटाच राहून राहिलो होतो का वो?"

लोक हसले. शामकलाबाई तर पदर तोंडाला लावून हसली. त्या दोन महिन्यांत तिनं सांधेदुखीनं भिंती धरून दिवस काढले, हे मला नंतर आशाताई पुष्पाबाईंनी सांगितलं. ते हसले तेव्हा मला रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पुष्पाबाईंकडे गेले. आठवतं, त्या आशाताई म्हणून आपल्याला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "माही वही चालू ठेवू का बंद करू?" आणि मी ऐटीत म्हणाले होते, "बंद करा, आता सगळं मोबाईलवर." त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. "म्या बंद केली होती," म्हणाल्या, "फेकली नोती." आम्ही दोघींनी बसून सतराही नावं पुन्हा लिहिली. मोबाईल नंबराच्या जागी त्यांनी रकाना आखला, 'घराचे ठोके'. उदाराम, चार. सोनूला सांगून ॲपमध्येही तोच रकाना टाकणार आहे. पण वही चालू राहील. ॲप आणि वही जुळली नाही तर वही खरी मानायची, असं मी पुष्पाबाईंना लिहून दिलं, सही करून.

निघताना यादोरावच्या दुकानाशी होते, तेवढ्यात फोन वाजला. त्यानं कानाला लावला, मग हातोडी उचलली. एक. दोन. तीन. चार.

मला माहीत होतं कोण असेल. आज रविवार, तुझी सुटी.

चौथा ठोका पडून गेला. खाली काकांच्या अंगणातून चमेली निघाली. एक हात गुडघ्यावर टेकून ती टेकाड चढायला लागली. काका मागे आले, पण तिनं त्यांना हात धरू दिला नाही, म्हणून ते दोन पावलं मागून चालत राहिले. यादोरावनं फोन ठेवला नाही. तो तुला म्हणत होता, "थांब वो बाई, येऊन राहिली. टाइम लागते तिले आता." मी दुकानाच्या भिंतीला टेकून मोजत होते. ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा एकशे चाळीस झाले होते. चमेली तुझ्याशी बोलली, मग काकांनी हात पुढे करून फोन घेतला. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही, तोवर मी उतरायला लागले होते. ते तुझं तुला माहीत.

पण त्याआधी तू फोन कानाला लावून जेवढी थांबलीस, तो उशीर माझा आहे. दर रविवारी तुला तो ऐकू येईल, आणि तो माझाच असेल.

बस आली.

प्रेरणा